३० बाय ६० चा प्लॉट, दार पश्चिमेला, घरात सहा माणसं आणि कापूस: नकाशा कसा बसवावा?

काळी_कसदार (राळेगाव तालुका, यवतमाळ) | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. आमचं जुनं घर मातीचं, कवेलूचं. मागच्या पावसाळ्यात मागची भिंत बसली. आता दिवाळीनंतर पाडून नवं बांधायचं ठरलं आहे. प्लॉट गावठाणातच, रस्त्याकडून ३० फूट रुंद, मागे ६० फूट खोल. रस्ता पश्चिमेला. दक्षिणेला शेजाऱ्याची भिंत अगदी खेटून, उत्तरेला काकांचं मोकळं आंगण.

घरात आई-बाबा, आम्ही दोघं, दोन पोरं. बाबांचे गुडघे गेलेत. सात एकर वावर, पऱ्हाटी (कापूस), तूर, थोडं सोयाबीन. एक गाय आहे, ती वावरातच असते.

मोबाइलवर एक नकाशा सापडला, तो बरा वाटला. बाहेरून २६ बाय ३८. आत १२ बाय १६ चा हॉल, जेवायची वेगळी जागा, मधून चार फुटी वाट १७ फूट लांब, दोन बेडरूम, दोन्हींना लागून संडास-बाथरूम, ८ बाय १० चा किचन आणि जिना आतून. ठेकेदार चौरस फुटाला १६०० रुपये सांगतो. माझ्याजवळ सगळे मिळून १४ लाख आहेत. कर्ज काढायचं नाही. कुठे काटता येईल?

पुण्यातला_वऱ्हाडी | रविवार, रात्री ९:३२

अभिनंदन भाऊ! माझा सल्ला, हॉल आणि किचन एकच मोठं करा, मधली भिंत काढून टाका. आजकाल सगळे तसंच करतात. घर मोठं दिसतं. जमल्यास दारासमोर पोर्च ठेवा, पुढेमागे गाडी येईलच.

चूल_ते_गॅस (अकोला) | रविवार, रात्री ९:५०

पुण्याच्या दादा, तुमच्या घरी ठेचा कोण कुटतं? मिरच्या भाजल्या की बैठकीतले पाहुणे खोकत रस्त्यावर जातील. भिंत राहू द्या.

कसदार भाऊ, नकाशा नंतर. आधी एक सांगा, कापूस कुठे ठेवणार?

काळी_कसदार | रविवार, रात्री १०:०५

ताई, खरं सांगू? विचारच केला नव्हता. आतापर्यंत माजघरात ठेवतो. भाव नाही मिळाला तर होळीपर्यंत तिथेच असतो. मागच्या साली पोरांच्या अंगाला खाज सुटली होती, रात्रभर खाजवत बसायचे. आई म्हणते कापसाचीच आहे.

चूल_ते_गॅस | रविवार, रात्री १०:२१

वाटलंच मला. आमच्याकडे तेच झालं. नवं घर बांधलं, टूबीएचके म्हणून गावभर पेढे वाटले. वेचणीआधीची सीतादहीची पूजा झाली, वेचणी सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी एका बेडरूममध्ये छतापर्यंत कापूस. चार महिने सासू-सासरे हॉलमध्ये. म्हणजे चार महिने घर वनबीएचके, आणि अटॅच संडास कापसाला! त्याच्या दारातही बोऱ्या लावलेल्या.

कापूस वजनाला हलका, पण जागा खातो. त्याची खोली नकाशात नाही काढली, तर तो तुमची घेतो.

मिस्त्रीचा_पोर (दारव्हा) | रविवार, रात्री १०:४०

ताई लाखाची गोष्ट बोलल्या. भाऊ, आदी हिशोब पाह्य. २६ गुणिले ३८ म्हंजे ९८८ फूट. १६०० नं १५ लाख ८० हजार होते. तुह्याजवळ हायेत १४. अना यात सपरी (पुढची ओसरी) नाई, संडासाचे खड्डे नाई, मोटार नाई. ते ४ बाय १७ ची वाट पाह्यली का? ६८ फूट. एक लाख ८ हजाराची वाट हाये ते! तिथं बाज बी टाकता येत नाई. नुस्तं चालाले एक लाख देऊन राह्यला का बाप्पा?

सिव्हिल_वर्धा | सोमवार, सकाळी ७:१५

वरचा हिशोब बरोबर आहे. मी पंधरा वर्षं खेड्यांतली घरं करतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा नकाशा शहरातल्या फ्लॅटवरून उचललेला दिसतो. फ्लॅटला तीन बाजूंनी शेजारी असतात, म्हणून त्यात मधून बोळ काढावा लागतो. तुम्हाला तशी अडचण नाही. आपल्या जुन्या घरात माजघर होतं ना, तेच काम करायचं. सगळ्या खोल्या माजघराला चिकटवा म्हणजे बोळ लागतच नाही, माजघरच रस्ता होतो आणि रात्री तीच झोपायची जागा होते.

आता आकार. २४ बाय ३२ घेतलं तर ७६८ फूट होतात, बाहेरच्या भिंतीचा घेर ११२ फूट. हेच ७६८ फूट तुम्ही १६ बाय ४८ असे लांबट केले तर घेर १२८. जमीन तेवढीच, पण १६ फूट भिंत जास्त, तिचा पाया जास्त, प्लास्टर जास्त आणि ऊन खाणारा पृष्ठभाग जास्त. म्हणून शक्यतो चौकोनाच्या जवळ राहा. एल आकार, मध्ये खाच, पुढे आलेला कोपरा, हे सगळं फोटोत छान दिसतं, पण आपल्या मातीत भेग पडते ती नेमकी अशा कोपऱ्यांत.

मातीचं बोलतोच आहे तर, राळेगावकडे काळी असेल. ती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मेमध्ये वावरातल्या भेगेत हात जातो, तेच घराखाली चालू असतं. जुनी भिंत बसली त्याचं कारण बहुधा हेच. पाया काळ्यात थांबवू नका, मुरूम लागेपर्यंत खोदा. फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खाली बोंडासारखे फुगवलेले खांब, त्यांवर प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याची तुळई. आणि घराभोवती तीन फूट रुंद फरसबंदी उतार देऊन करा, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरणार नाही. दक्षिणेला तीन फूट मिळणार नाही, तिथे असेल तेवढी. टाइल्स साध्या घ्या, पण इथे पैसे वाचवू नका.

काळी_कसदार | सोमवार, दुपारी १:२०

सर, खूप आभार. मिस्त्रीभाऊ, एक लाखाची वाट वाचून बायको हसून हसून बेजार झाली.

२४ बाय ३२ मध्ये सहा माणसं मावतील? आणि बाबा वास्तूचं पाहतात. स्वयंपाकघर आग्नेयेलाच पाहिजे, देव ईशान्येला, असं त्यांचं आहे.

तर्कट (नागपूर) | सोमवार, दुपारी १:४१

वास्तूच्या नादी लागून घरं वाकडी झालेली पाहिली आहेत. सोडून द्या.

झाडीपट्टी (साकोली) | सोमवार, दुपारी २:१५

तर्कट दादा, घर बाबांचंही आहे, आणि इथे तर सोय आणि वास्तू एकाच बाजूला पडतात. पश्चिमेची गरम झळ तोंडावर असताना स्वयंपाकघर पूर्वेकडे असलं की धूर घरात न फिरता मागून निघून जातो. सकाळचं ऊन ओट्यावर येतं ते वेगळंच. भांडण कशाला?

आमच्याकडे कापूस नाही, धान. तरी गोष्ट तीच. धानाची पोती ठेवायला सपरीतून दार असलेली खोली हवी, घरातून नाही. बंडीवरून पोतं थेट आत. नाहीतर प्रत्येक पोतं बैठकीतून जातं आणि उंदीरही त्याच वाटेनं घरात येतात.

सिव्हिल_वर्धा | सोमवार, रात्री ८:५०

साकोलीकरांनी माझं काम अर्धं केलं. आता पूर्ण मांडणी सांगतो, कागद घेऊन बसा.

प्लॉट ६० फूट खोल. पुढे १२ फूट मोकळं, मग ८ फूट सपरी टिनाची, मग ३२ फूट घर, मागे ८ फुटांत पडवी. रुंदीत २४ घर, दक्षिणेला २ फूट, उत्तरेला ४ फूट मोकळी गल्ली. चिखलाचे पाय, डवरे, पाइप हे सगळं त्या गल्लीतून मागे जाईल, घरातून नाही.

घराच्या तीन पट्ट्या करा. पश्चिमेची ११ फुटांची. त्यात दक्षिणेकडे १० बाय ११ ची मालखोली, दार फक्त सपरीत. उरलेल्या १४ बाय ११ मध्ये बैठक. मधली पट्टी ११ ची. दक्षिणेकडे १० बाय ११ आई-बाबांची खोली, उत्तरेकडे १४ बाय ११ माजघर. पूर्वेची पट्टी १० ची. आग्नेयेला १० बाय १० स्वयंपाकघर, ईशान्येला १० बाय १० तुमची खोली, दोन्हींच्या मध्ये ४ फुटांची वाट मागच्या पडवीपर्यंत. देव माजघराच्या ईशान्य कोपऱ्यात.

आता गंमत बघा. सपरीतलं दार, बैठक-माजघरामधलं दार आणि मागचं दार ही तिन्ही त्या वाटेच्या रेषेत ठेवा. चालणं घराच्या एका काठाने होईल, आणि बैठक व माजघर दोन्हींत उत्तरेकडचे दहा फूट अखंड मिळतील. दारं समोरासमोरच्या उलट्या कोपऱ्यांत ठेवली की माणसं खोलीतून तिरपी चालतात, आणि मग बाज कुठेच धड बसत नाही. खोली लहान नसते, दारं चुकलेली असतात.

पश्चिमेला मालखोली आणि सपरी का, तर आपल्याकडे खरा शत्रू पश्चिमेचं ऊन. दक्षिणेला लोक उगाच घाबरतात. नागपूरच्या आसपास २६ मेच्या दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. म्हणजे ऐन नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, दुपारी दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ नसतंच. उलट डिसेंबरात दुपारचा सूर्य पंचेचाळीस अंशांवर असतो, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतून ऊब आत येते. तुमच्याकडे दक्षिणेला शेजाऱ्याची भिंत आहे, म्हणून तो फायदा नाही, फक्त उजेडापुरती खिडकी ठेवा. पण मेमध्ये तीन ते साडेसहा पश्चिमेची भिंत भाजते, आणि ऊन तिरपं असल्याने दोन फुटांचा छज्जा तिला वाचवू शकत नाही. तिथे आठ फुटांची सपरीच हवी. सेवाग्रामला बापूकुटी नुसती पाहून येऊ नका, दुपारी दोनला तिच्या ओसरीत बसा. कवेलूचं उतरतं छप्पर खाली किती ओढलंय आणि भिंतीपर्यंत ऊन कुठे पोचतं, ते बघा.

मिस्त्रीचा_पोर | सोमवार, रात्री ९:२५

सायबाचा नकाशा बेस हाये. पण १० बाय १० म्हंजे बाहेरून. बाहेरची भिंत नऊ इंची, आतली साडेचार. वजा केलं तं आत नऊच फूट राह्यते, प्लास्टर झाल्यावर त्याहून कमी. पलंग सहा बाय साडेसहाचा असन तं बाजूले तीन फूट. त्यातच कपाट. म्हून पलंग-कपाट आताच टेपनं मोजून ठेवजा. लोक घर बांधते अना मंग पलंगाचे पाय कापते, म्या पाह्यलं हाये.

चूल_ते_गॅस | मंगळवार, सकाळी ६:३०

साहेब, नकाशात कूलर कुठे आहे?

हसू नका. मार्च ते जून तो घरातला सातवा माणूस आहे. आमच्या इंजिनिअरने खिडक्या काढल्या, पण कूलर लावला तो पश्चिमेच्या खिडकीत, दिवसभर उन्हात. शिवाय खोलीला दुसरी खिडकीच नव्हती. हवा आत येते, पण जायला वाट नाही. अर्ध्या तासात नुसती दमट कोंडी. गादीही ओली लागायची.

सिव्हिल_वर्धा | मंगळवार, सकाळी ७:४०

ताई, चूक कबूल. कूलर उत्तरेच्या गल्लीत, माजघराच्या खिडकीत. चार फुटांची गल्ली म्हणून तर हवी. सावलीत राहील, पाणी भरायला नळ जवळ येईल. आणि हवा निघायला मागच्या वाटेचं जाळीचं दार उघडं, आई-बाबांच्या खोलीचं दार उघडं, त्यांच्या खिडकीची वरची झडप उघडी. एका कूलरवर माजघर आणि ती खोली दोन्ही निभतात. मालखोलीचं दार आत नाही, त्यामुळे कापसाला दमट हवा लागणार नाही. मालखोलीला वर दोन जाळीचे झरोके मात्र ठेवा.

पुण्यातला_वऱ्हाडी | मंगळवार, सकाळी ९:०५

आमच्या गावच्या घरी वाळ्याची ताटी असायची, तिच्यावर पाणी मारायचं काम माझ्याकडे. तो वास आठवला. बाकी माझा ओपन किचनचा सल्ला मी मागे घेतो.

पण एक शंका. अटॅच संडास दोन्ही काढले का? गुडघे गेलेला माणूस रात्री पडवीत कसा जाईल?

काळी_कसदार | मंगळवार, दुपारी १२:५०

हेच विचारणार होतो. आई म्हणते संडास घरात नको, स्वयंपाकाच्या भिंतीला तर नकोच. बाबा बोलत नाहीत, पण अडचण त्यांचीच आहे.

सिव्हिल_वर्धा | मंगळवार, रात्री ९:१५

मागची पडवी छताखाली घ्या, बाजूंना जाळी. मग ती बाहेरही नाही आणि आतही नाही. ईशान्येचा कोपरा सोडून द्या. संडास वाटेच्या समोर, न्हाणी त्याच्या बाजूला, दोन्हींना वेगळं दार आणि हात धुवायचं बेसिन बाहेर. अटॅचमध्ये एक माणूस गेला की तिन्ही गोष्टी अडतात. वेगळं केलं की सकाळी तीन जणांचं एकाच वेळी होतं. सहा माणसांना एवढ्यात चालतं. न्हाणी आणि स्वयंपाकघराची मोरी दहा फुटांच्या आत आली की पाइपही कमी.

बाबांच्या खोलीपासून संडासापर्यंत माझ्या मोजणीने वीसेक फूट, एकही पायरी नाही, उंबरठे सपाट. त्या वाटेच्या भिंतीला धरायला पाइपचा कठडा ठोका. संडासाचं दार तीन फुटी, कमोड बसवा, दार बाहेर उघडणारं. आत उघडणाऱ्या दाराला टेकून माणूस पडला तर दार उघडता येत नाही.

दोन शोषखड्डे करा, आळीपाळीने वापरायचे. काळ्या मातीत पाणी जिरत नाही, म्हणून खड्ड्याच्या बांधकामाभोवती फूटभर जाड रेती-गिट्टीचा थर भरायलाच हवा. ठेकेदार तो विसरतात, तुम्ही उभे राहा.

तर्कट | मंगळवार, रात्री ९:४०

जिना राहिला. आतला जिना नकोच. दहा फूट उंच घर आणि स्लॅब धरून अठरा पायऱ्या, वळणाचा केला तरी साठ-पासष्ट फूट जागा जाते, म्हणजे लाखभर रुपये परत. वर मजला बांधणार केव्हा? पोरं तोवर नागपूरला.

(वास्तूवर माझं मत कायम आहे.)

चूल_ते_गॅस | मंगळवार, रात्री ९:५८

मजला नको, पण जिना हवाच. कुरड्या, पापड, तूर, मिरच्या कुठे वाळवायच्या? आणि मेमध्ये रात्री स्लॅबखाली कोण झोपतं? दिवसभर प्यालेली गरमी तो रात्री सोडतो. सगळे वर.

मिस्त्रीचा_पोर | मंगळवार, रात्री १०:१०

जिना बाहेरून सरळ टाकजा. सपरीच्या दक्षिण टोकाले तीन फूट रुंद, चौदा फूट लांब. सपरीचे आठ फूट अना पुढचे सहा. मालखोलीच्या दाराले तरी सात फूट राह्यते. अना मार्चात स्लॅबवर चुना मारत जा दरसाली, लय फरक पडते.

सिव्हिल_वर्धा | मंगळवार, रात्री १०:३०

उत्तम. जिन्याखाली पत्र्याचं कुलपाचं कपाट करून फवारणीचं औषध, पंप, हातमोजे तिथे. मालखोलीत नको, न्हाणीत तर मुळीच नको. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने माणसं गेली, ते आठवा. औषध घराच्या भिंतीआड आणूच नये.

पैसे वाचवायचे असतील तर रॅट-ट्रॅप बाँडची भिंत विचारात घ्या. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत खूप वापरली. विटा उभ्या लावायच्या, मधे पोकळी राहते, विटा चौथ्या हिश्शाने वाचतात आणि पोकळीमुळे उष्णता कमी शिरते.

मिस्त्रीचा_पोर | मंगळवार, रात्री १०:४१

सायेब, ते भिंत म्या एकदा केली हाये. ज्यानं केली नसन त्याच्या हाती देऊ नका, वाकडी होते अना मंग प्लास्टरात वाचलेले पैसे जाते. आदी न्हाणीची एक भिंत करून पाह्यजा. फ्लाय अ‍ॅशची वीट घेतली तं चांगलं, चारी बाजूनं सारखी रायते.

काळी_कसदार | शनिवार, रात्री ८:३५

मंडळी, चार दिवस वेचणीत होतो. आज काम केलं ते सांगतो.

नवा हिशोब आधी. ७६८ फूट, १६०० ने १२ लाख २८ हजार ८००. आधीच्यापेक्षा साडेतीन लाखांनी कमी. उरलेल्या १ लाख ७१ हजारांत सपरी, पडवी, जिना, खड्डे. ठेकेदार मान हलवतो आहे, हो म्हणून की नाही म्हणून ते कळत नाही. टिन जुनेच वापरणार.

मग आज सकाळी काकांच्या आंगणात फक्कीने (पांढऱ्या पुडीने) पूर्ण नकाशा आखला, खऱ्या मापाने. दारांच्या जागी विटा ठेवल्या. बाज आणून माजघरात टाकली, कपाटाच्या जागी खताची पोती. बाबांना खुर्चीवरून उठवून त्यांच्या 'खोलीतून' 'संडासापर्यंत' चालायला लावलं. सव्वीस पावलं. चौदाव्या पावलाला थांबले, हात भिंतीकडे गेला, तिथे भिंत नव्हती म्हणून हसले. कठडा तिथपासून लावायचा.

आईने स्वयंपाकघरात उभं राहून विचारलं, "इथून मले आंगणात कोण आलं ते कसं दिसन?" सर, तुमच्या नकाशात स्वयंपाकघर आग्नेयेला, दार वाटेत. ओट्याशी तोंड पूर्वेला, पाठ घराला. जुन्या घरात ती चुलीपाशी बसून फाटक पाहायची. मी म्हटलं, बाहेरून आवाज येईल ना. ती म्हणाली, आवाज चोराचा येत नाही.

सिव्हिल_वर्धा | शनिवार, रात्री ९:०२

आईंचं बरोबर आहे. स्वयंपाकघर आणि वाट यांच्यामधल्या भिंतीत, दाराच्या बाजूला, साडेतीन फुटांवर दोन फुटी झरोका काढा आणि भाजी चिरायचा आडवा ओटा त्याच भिंतीला घ्या. तिन्ही दारं एका रेषेत आहेत. ती उघडी असली की चिरताना मान वळवली तर थेट सपरी, आणि सपरीच्या पलीकडे फाटक. फक्त फाटक त्या रेषेत सरकवा, कोपऱ्यात नको. माजघरात ताटं द्यायलाही तोच झरोका कामी येईल.

काळी_कसदार | शनिवार, रात्री ९:२०

फक्की परत टाकावी लागेल मग. फाटक आता उत्तरेच्या कोपऱ्यात आखलं आहे.

चूल_ते_गॅस | शनिवार, रात्री ९:२६

टाका. आणि माठाची जागा त्या वाटेत, झरोक्याखाली. वारा लागतो तिथे.

मिस्त्रीचा_पोर | शनिवार, रात्री ९:३३

भाऊ, मुरूम किती फुटावर लागला ते आदी पाह्य. उद्या एक खड्डा मारून ठेव, म्या सोमवारी तिकडून चाललो हाये, येतो पाहाले. चहा ठेवजो.